सदरहू मोटर

कुंदाताई शिरोडकरांचा सरकारवर विश्वास होता. कुठल्या पक्षावर किंवा पुढाऱ्यावर नव्हे. ती मंडळी येतात आणि जातात, एवढं अंधेरीत आयुष्य काढलेल्या बाईला कळत होतं. त्यांचा विश्वास होता शासन निर्णयावर. ज्याच्या डोक्यावर राजमुद्रा, पोटात ‘प्रस्तावना’ आणि शेवटी अवर सचिवांची सही असते, तो शासन निर्णय कुणीतरी खास आपल्यासाठीच लिहिलाय, अशी त्यांची पक्की समजूत होती. बाकीचे लोक तो वाचत नाहीत, ही त्यांच्या मते उद्धटपणाची हद्द होती. “सरकार एवढं बोलतंय आपल्याशी,” त्या म्हणायच्या, “निदान ‘हं’ तरी म्हणावं माणसाने.”

अंधेरी पूर्वेला आमच्या औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर त्यांचा बिजागऱ्यांचा गाळा होता. समोर माझं बुकबाइंडिंग. मधला रस्ता एका हातगाडीपुरता. त्यामुळे मी पुस्तकं शिवत असलो, तरी ऐकत शासन निर्णय असायचो. दुपारचा चहा आला की ताई खुर्ची दारात ओढत, चष्मा नाकाच्या टोकावर आणत, मोबाइल हातभर लांब धरत आणि वाचायला लागत. मागे त्यांचा मोठा प्रेस चालू असायचा. पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, धप्पकन ठोका, बिजागरीचं एक पान तयार. त्या प्रेसची मोटर कण्हायची, घरघरायची आणि मधूनच अशी शिंकायची की माझ्याकडची सरस लावलेली पानं थरथरायची. त्या आवाजावर ताईंना आपला आवाज चढवावा लागे. ‘उपरोक्त बाबींचा साकल्याने विचार करून’ हे शब्द एवढ्या जोरात उच्चारणारं माणूस मी मंत्रालयातही पाहिलेलं नाही.

या वाचनाचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर झाला होता. मूळच्या त्या वेंगुर्ल्याकडच्या. रागावल्या की मालवणी, आणि खुशीत आल्या की शासकीय, अशा दोन भाषा त्यांना सहज येत. “सदरहू चहा थंड आहे. चहावाल्यास समज देण्यात यावी,” असं त्या म्हणाल्या की समजायचं, आज ऑर्डर चांगली आली आहे. “मेल्या, ह्या काय आणलंस?” असं आलं की चहावाल्याने पळायचं. मुलगा मंदार ठाण्याला राहायचा. त्याला फोन लावून त्या सुरुवात करत, “मंदार, तुझ्या कालच्या फोनच्या अनुषंगाने सांगते, सुकट पाठवली आहे. पोच द्यावी.”

योजना कोणाची, कोणासाठी, हा प्रश्न त्यांना गौण वाटे. एकदा मधमाशीपालनाला प्रोत्साहन देणारी योजना निघाली. बिजागऱ्या करणारी बाई, राहायला मरोळला. पण ताईंनी रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि दोन पेट्या वसाहतीच्या गच्चीवर आणून ठेवल्या. माश्यांनी गच्चीवरून आजूबाजूला नजर टाकली. फुलं कुठे दिसली नाहीत, पण दुसऱ्या मजल्यावर सरबताचा अर्क करणारा गाळा होता. दुपारपर्यंत तिथले कामगार जिन्याने खाली आले, म्हणजे जिना कमी आणि कठडा जास्त वापरून आले. सरबतवाले पटेलभाई डोक्यावर गोणपाट घेऊन ओरडत होते. ताई शांतपणे म्हणाल्या, “घाबरू नका. सदरहू माश्या अनुदानित आहेत.”

मग सवलतीत एलईडी दिवे मिळायला लागले, त्या साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंनी वाण म्हणून एकेक दिवा वाटला. बायका तिळगूळ घेऊन, कुंकू लावून आणि पदराखाली बल्ब लपवून वसाहतीतून बाहेर पडताना मी पाहिल्या आहेत. फाटकावरच्या रखवालदाराने दोघींना चोरीच्या संशयावरून अडवलंही. दिवसा दिवा लावलेला ताईंना मुळीच खपत नसे. माझ्या दुकानात शिरल्या की आधी बटण बंद करत आणि मग “येऊ का?” विचारत. मी अंधारात चष्मा शोधत असे.

आता त्या मोटरीबद्दल.

ती ताईंच्या यजमानांनी आणली होती. सासरे ज्या कापडगिरणीत होते, ती बंद पडल्यावर निघालेल्या भंगारातून उचललेली. यजमान गेले, प्रेसचे पट्टे किती वेळा बदलले, मोटर तीच. काम चोख करायची, पण वीज अशी खायची की महिन्याचं बिल आलं की ताई दोन दिवस मालवणीच बोलत. वसाहतीच्या जागी काचेची इमारत उभारायची स्वप्नं पाहणारी मंडळी अधूनमधून फेऱ्या मारून जायची, आणि मंदार ठाण्याहून त्यांचीच बाजू मांडायचा.

एका रविवारी तो आला, ते ठरवूनच. मी समोर कापडाच्या पाठी चिकटवत होतो, त्यामुळे ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

“मम्मी, हा गाळा नाही, विजेचं बिल भरायचं केंद्र आहे. विकून टाक ना यार.”

“आणि नाखवा काय करील? प्रेसवरच्या बायका काय करतील?”

“दिवाळीपर्यंत बघ. बिल खाली आलं तर मी परत विषय काढणार नाही. नाही आलं तर तू सही करायची. बोल.”

ताईंनी एकदा मोटरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सदर प्रस्ताव मान्य.” पण आवाजात खुशी नव्हती. शासकीय भाषा त्यांनी दुःखात वापरलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

नाखवा म्हणजे त्यांचा प्रेस ऑपरेटर. खारदांड्याचा कोळी. दोघे भाऊ होडीवर, आणि याला बोट लागते म्हणून हा लोखंडात. ‘मना दर्या नाय सोसत,’ हे तो एवढ्या अभिमानाने सांगे की ऐकणाऱ्याला तो आजार नसून पदवी वाटावी. प्रेसवर बायका होत्या, त्यांची पुढारी सुलभा. ताईंची हुबेहूब नक्कल करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण मोटरीच्या आवाजात ती ताईंना कधी ऐकू गेली नाही. मला समोरून दिसायची. ऐकू न येताही ती चांगली होती.

त्याच पावसाळ्यात शासनाने ताईंची हाक ऐकली. लघुउद्योगातल्या जुन्या मोटरी काढून कमी वीज खाणाऱ्या बसवल्या, तर नव्या मोटरीच्या किमतीचा बराचसा भाग परत मिळणार होता. ताईंनी तो निर्णय आधी मोठ्याने वाचला, मग मनात वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि परत मोठ्याने वाचला. अटी साध्या होत्या. मोटर खरोखर जुनी हवी. निरीक्षक येऊन ती डोळ्यांनी पाहील, चालवून किती वीज खाते ते मोजेल. नवी बसली की जुनी त्याच्यासमोर भोक पाडून निकामी करायची, म्हणजे ती चोरबाजारातून दुसऱ्याच्या गाळ्यात जाऊन पुन्हा वीज खायला नको.

वसाहतीत बाकी कोणी अर्ज केला नाही. पटेलभाई म्हणाले, “ताई, आ बधु कागद पर होय. कोई येणार नाय.” पटेलभाईंचा माश्यांपासून योजनांवर राग होता.

पण निरीक्षक येणार असं खरोखरच कळलं. तारीख पडली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. योजनेची मुदत त्यानंतर लगेच संपत होती, म्हणजे ही संधी गेली की दुसरी नाही.

आता ज्यांचा कारखान्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा. त्याच्या आधी सगळा गाळा धुवायचा, तेलकट काजळी खरवडायची आणि यंत्रांना ऑइलपेंटचा हात मारायचा. वर्षभर ठोके खाल्लेली यंत्रं त्या दिवशी लग्नाला निघाल्यासारखी दिसतात. ताईंच्या गाळ्यात हा रिवाज यजमानांपासून कधी चुकला नव्हता. त्यात या वेळी सरकार स्वतः घरी येणार. पाहुणे यायचे तर घर रंगवायला नको? ताईंनी नाखवाला सांगितलं, “औंदा मोटरीक दोन हात मार. सायबाक बरा दिसाक व्हया.”

नाखवाने दोन हात मारले. हिरवागार, पोपटी रंग. मोटर अशी चमकायला लागली की मी समोरून पाहताना डोळे बारीक केले.

निरीक्षक म्हणून आले ते गायधनी नावाचे तरुण इंजिनिअर, मूळचे नाशिककडचे. पाठीवर सॅक, हातात वीज मोजायचं यंत्र, चेहऱ्यावर दिवसभरात पुष्कळ मालकांनी खोटं सांगितल्याचा थकवा. ते आत गेले, मोटरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, जुनी मोटर दाखवा.”

“हीच.”

“ही नवी आहे.”

“जुनी आहे हो. माझ्यापेक्षा.”

गायधनींनी विश्वास नसलेल्या माणसासारखा मोटरीवर उजवा पंजा टेकला आणि खाली वाकून पाहायला लागले. मग पंजा उचलला. तो हिरवा होता.

सुलभाने पदर तोंडात कोंबला. गायधनी आपल्या हाताकडे, मग मोटरीवर उमटलेल्या आपल्या पंजाकडे पाहत राहिले. म्हणाले, “मॅडम, हा आजचाच रंग आहे.”

“तुमच्यासाठीच लावला,” ताई म्हणाल्या.

हे वाक्य सरकारी माणसाला सांगायला जगातलं सर्वात वाईट वाक्य होतं, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्या एकदम मालवणीवर आल्या. “नाखवा, मेल्या, वाट लावलंस माझी.”

“तुमीच बोल्लात ना ताई, दोन हात.”

“साहेबाक काय म्हणान दाखवू आता?”

गायधनींनी डावा हात कपाळाला लावायचा म्हणून उचलला, पण लावला उजवाच, आणि आता कपाळही हिरवं झालं. “नेमप्लेट कुठे आहे? मोटरीवर तिच्या कंपनीची पट्टी असते ना, तिच्यावर साल असतं. ती बघितल्याशिवाय मी जुनी लिहू शकत नाही.”

“रंगाखाली.”

“कुठल्या रंगाखाली?”

“सगळ्याच,” नाखवा म्हणाला.

नाखवाने टर्पेंटाइन आणि पातं आणलं. गायधनी उकिडवे बसले आणि मोटरीच्या पोटावर जिथे पट्टी असावी तिथे स्वतः खरवडायला लागले. हिरवा गेला. खाली निळा.

“ह्यो आमच्या होडीचा,” नाखवा म्हणाला. “भावाने मागल्या साली होडी रंगवली, त्यातला उरला व्हता.”

निळा गेला. खाली गुलाबी आला. प्रेसवरच्या बायका आता कामं सोडून भोवती आल्या होत्या. “हा मंदारच्या लग्नातला,” ताई म्हणाल्या. “घराला दिला होता. सूनबाईंना आवडला नाही.”

गुलाबीखाली शेंदरी निघाला. तो ताईंना आठवेना. सुलभा म्हणाली, “अहो, वसाहतीच्या मारुतीला लावला नव्हता का, तेव्हाचा. पुजाऱ्याने डबा इथेच ठेवला होता.” गायधनींच्या तोंडून नकळत निघालं, “मग मारुतीच्या खाली?” आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. त्यानंतर निरीक्षण राहिलं नाही, खेळ झाला. खाली पिवळा निघणार असं सुलभा म्हणाली, नाखवा म्हणाला पांढरा, निघाला चॉकलेटी, आणि दोघेही ‘मी तेच म्हणत होतो’ म्हणून भांडले. पटेलभाई आवाज ऐकून वरून आले होते, तेही उकिडवे बसले. मीही हातातला सरस सुकवत तिथेच होतो. प्रत्येक थरामागे एक खंडेनवमी निघत होती आणि प्रत्येकीचा कुणीतरी साक्षीदार हजर होता. ताईंचा जीव मात्र त्या पात्याच्या टोकाला लटकलेला. त्या रंग ओळखत होत्या आणि मधेच माझ्याकडे पाहत होत्या. पट्टी गंजून गेलेली असली, तर गाळा गेला होता.

शेवटी चंदेरी निघाला. ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “हा ह्यांच्या हातचा. पहिला.”

गायधनींनी तो मात्र जपून खरवडला. पातं जरा आडवं धरून, फुंकर मारत. खाली पितळेची पट्टी निघाली. झिजलेली, पण साल वाचता येत होतं. गायधनींनी ते वाचलं, मोटरीकडे पाहिलं, परत वाचलं. “मॅडम,” ते म्हणाले, “माझे आजोबा तेव्हा शाळेत असतील.”

“मग काय सांगत होते मी.”

मग त्यांनी मोटर चालवायला सांगितली. नाखवाने बटण दाबलं. मोटर कण्हली, घरघरली आणि साहेबांच्या तोंडावर सणसणीत शिंकली. गायधनींनी यंत्रावरचा आकडा पाहिला आणि हिरव्या कपाळाने मान हलवली. “एवढी वीज खाऊन ही काम काय करते?”

“बिजागऱ्या,” ताई म्हणाल्या. मग खात्री करून घेत, हळूच, “सदरहू मोटर जुनी असल्याचे निदर्शनास आले ना?”

“निदर्शनास आले,” गायधनी म्हणाले. सही त्यांना उजव्या हातानेच करावी लागली. त्या कागदावर आजही एक पोपटी अंगठा असणार. वरच्या कचेरीत तो लाभार्थीचा समजला गेला की निरीक्षकाचा, याचा पत्ता कधी लागला नाही.

नवी मोटर बसली त्या दिवशी जुनीला भोक पाडायचं होतं. आणि मग कोणी पुढे येईना. नाखवाने ड्रिल हातात घेतलं आणि परत ठेवलं. “नवमीला हार घातलाय हिला, ताई. मना नाय जमणार.” गायधनी घड्याळ बघत होते, पण त्यांचाही आग्रह दिसला नाही. ताईंनी मोटरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, चंदेरी रंगाचा तुकडा राहिला होता त्यावर एकदा बोट फिरवलं, आणि ड्रिल स्वतः उचललं. “जा बाय आता,” त्या म्हणाल्या. “खूप केलंस.” ड्रिल चालू झालं तेव्हा मी माझ्या दुकानात आलो. काही पुस्तकं दाबायची राहिली होती.

नवी मोटर इतकी गुपचूप चालायची की पहिल्या दिवशी नाखवाने तीनदा वीज आहे का ते तपासलं. पण तिने एक भलताच घोटाळा केला. इतकी वर्षं आवाजाच्या आडोशाने बायका मनात येईल ते बोलत होत्या. त्या दिवशी सुलभाने सवयीने ताईंची नक्कल केली, “सदरहू बाईने डब्यात पुन्हा बांगडाच आणला आहे,” आणि ते अख्ख्या गाळ्याला, माझ्या दुकानाला आणि फाटकावरच्या रखवालदाराला स्वच्छ ऐकू गेलं.

ताईंनी चष्मा वर केला. “काय गो? असा बोलतंय मी?”

सुलभाने हातातला पत्रा उलटा सरकवला.

“‘पुन्हा’ नाय म्हणाचा,” ताई म्हणाल्या. “‘पुनश्च’ म्हणाक व्हया.”

दिवाळीच्या महिन्याचं बिल आलं तेव्हा त्यांनी ते दारात खुर्चीवर बसून वाचलं. मोठ्याने, शासन निर्णयाच्या चालीत. मग मंदारला फोन लावला, “तुझ्या प्रस्तावाच्या अनुषंगाने,” अशी सुरुवात केली आणि पुढे फक्त बिलाचा खाली आलेला आकडा वाचून दाखवला. पलीकडून मंदार काहीतरी म्हणाला. ताई म्हणाल्या, “पोच मिळाली.”

पुढे योजनेच्या लाभार्थींचा जाहीर सत्कार झाला. ताईंनी मला नेलं. वीजबचतीचा कार्यक्रम म्हणून भरदुपारी सभागृहाच्या दाराला दिव्यांची कमान, मंचावर डोळे दिपवणारे झोत, आणि आत असा गारठा की पाहुण्यांना घातलेल्या शाली मी आयुष्यात प्रथमच उपयोगी पडलेल्या पाहिल्या. प्रमुख पाहुणे उशिरा आले, विजेवर बराच वेळ बोलले आणि भाषण संपायच्या आत त्यांचा माइक बंद पडला. ताईंना ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. त्या मंचावर गेल्या, सगळ्यांना वंदन केलं आणि आयोजकांना म्हणाल्या, “खिडक्या आहेत ना या हॉलला? मग पडदे उघडून दिवे बंद करण्याबाबत उचित कार्यवाही व्हावी.” टाळ्या पडल्या. कार्यवाही झाली नाही. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “चांगला झाला कार्यक्रम,” आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. सरकारवर इतकं निखळ प्रेम मी नंतर कुठे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला, म्हणून मी बाइंडिंग बंद केलं आणि बोरिवलीला मुलीकडे राहायला गेलो. राहिलेले पुठ्ठे आणायला गेलो, तो नेमका खंडेनवमीचा आदला दिवस. ताईंचं दार उघडं होतं. सत्तरी कधीच ओलांडलेल्या त्या बाई स्टुलावर बसून नव्या मोटरीला रंग देत होत्या. नाखवा डबा धरून उभा. “औंदा लाल हाय,” त्याने मला सांगितलं. “होडीचाच.”

ब्रश पट्टीच्या जवळ आला तसा मी म्हणालो, “ताई, निदान नेमप्लेट सोडा. मागच्या वेळी काय झालं आठवतं ना?”

“आठवतं म्हणूनच,” ताई म्हणाल्या. “अहो बाइंडर, ही पण कधीतरी म्हातारी होणार. तेव्हा परत योजना निघेल. मग ही जुनी आहे ते साहेबाला कसं दाखवायचं? थर नकोत?”

त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळला आणि पट्टीवरून पहिला हात फिरवला.

“जरा बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. “उजेड अडतोय.”

गाळ्यातला दिवा अर्थातच बंद होता. मी दारातून बाजूला झालो.